टीटीचा वारसदार आलाच नाही, म्हणून जुनी घ्यावी का?

लातूरच्या एका भावानं प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: ‘डाळमिलचा धंदा आहे, वय ३२. शाळेत असल्यापासून ऑडी टीटीचं, त्या दोन दारांच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीचं वेड. नवी आली की घेऊ म्हणून थांबलो, तर पुढची टीटी आलीच नाही. आता हैदराबादला २०१६ ची एक मिळतेय, ५१ हजार किलोमीटर चाललेली. मालक २९ लाख मागतो. म्हणतो, ही गाडी पुन्हा होणार नाही, भाव चढतच जाणार. घेऊ का? स्पेअर मिळतील का? वडील म्हणतात, दारात हत्ती बांधू नको.’

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याला गॅरेज चालवतो. त्याआधी नऊ वर्षं इथल्याच शेंद्रा औद्योगिक वसाहतीत गाड्या जोडणीच्या कामावर होतो. आपल्याकडं जर्मन गाड्या एवढ्या का दिसतात हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. २००१ पासून शेंद्र्यात स्कोडा जुळते, पुढं ऑडीही तिथंच जुळायला लागली, आणि २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या लोकांनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. पाच-सहा वर्षांनी त्या आणि तसल्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात गेल्या, तेव्हा माझ्यासारख्यांचा धंदा उभा राहिला. शोरूमच्या बाहेर पडल्यावर दहा वर्षांनी गाडीचं काय होतं, हे बघण्यातच माझं पोट आहे.

तुमच्या प्रश्नात, भाऊ, दोन गोष्टी एकमेकांत गुंतल्यात. एक दुःख, दुसरा व्यवहार. नवी आली नाही याचं दुःख खरं आहे. पण हैदराबादचा तो गडी तुमच्या दुःखालाच भाव लावतोय, आणि तुम्हाला तो गाडीचा भाव वाटतोय. खरा प्रश्न असा की, ज्या गाडीचं घराणं बंद झालं ती लातूरसारख्या ठिकाणी पुढची दहा वर्षं कशी जगवायची, आणि ती जगवायची तुमची तयारी आहे का.

झालं काय ते आधी बघू. टीटी १९९८ ला बाजारात आली. २०१९ मध्ये भागधारकांच्या सभेत कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी सांगितलं, की काही वर्षांनी टीटीच्या जागी साधारण त्याच किमतीची, विजेवर चालणारी नवी गाडी येईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यातून शेवटची टीटी बाहेर पडली. पंचवीस वर्षांत ६ लाख ६२ हजार ७६२ गाड्या झाल्या. तिची जागा घ्यायला कुणीच आलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात ‘कन्सेप्ट सी’ नावाची दोन सीटांची विजेवरची गाडी दाखवली आणि लोक म्हणाले, हीच ती. पण ती टीटीपेक्षा आकारानं मोठी आहे आणि अजून दाखवण्यापुरतीच आहे. तुम्ही शाळेच्या वहीवर काढायचे ती ही नाही. ‘बाजारात तुरी’ ही म्हण मी लातूरच्या डाळमिलवाल्याला काय सांगू!

असं का होतं, यावर गाडीवेड्यांचा एक आवडता राग आहे: विजेच्या गाड्यांनी वाटोळं केलं. ते अर्धंच खरं. दोन दारांची छोटी गाडी घेणारी माणसं कमी झाली आणि उंच गाडी घेणारी वाढली. ग्योरच्या त्याच कारखान्यात आज क्यू थ्री आणि क्युप्रा टेरामार अशा उंच गाड्या निघतात. शिवाय युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीच्या संगणकाला सायबर सुरक्षेचा नियम लागला. जुन्या रचनेची गाडी त्यात बसवायची म्हणजे सगळी वायरिंगची आणि कंट्रोल युनिटची व्यवस्था नव्यानं करायची. पोर्शेची पेट्रोलवरची ७१८ युरोपातल्या विक्रीतून त्याच नियमामुळं गेली. वर्षाला मोजक्या गाड्या खपत असतील तर एवढा खर्च कोण करणार? तुम्ही मिलला नवा कलर सॉर्टर घेताना हाच हिशेब करता.

आणि एक खवचट गोष्ट सांगतो, राग मानू नका. टीटी २०१५ मध्ये आपल्याकडं नव्या रूपात आली तेव्हा शोरूम किंमत ६० लाखांच्या थोडी वर होती. आज हळहळणाऱ्यांपैकी कितीजण तेव्हा टेस्ट ड्राइव्हला तरी गेले? आमच्या ग्रुपवर टीटी बंद झाल्याची बातमी आली त्या रात्री सत्तर-ऐंशी मेसेज पडले, रडणारे इमोजी, ‘शेवटची खरी गाडी गेली’ वगैरे. त्या सगळ्यांत टीटीचं स्टिअरिंग हातात धरलेले दोघं. त्यातला एक मी, आणि तीही गिऱ्हाइकाची, रॅम्पवरून खाली उतरवताना.

हे दुःख आपल्याला नवं नाही. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाला ‘रेसमो’ दाखवली होती, दोन सीटांची, १९० पीएस ताकदीची. वर्षभरात तो प्रकल्प गुंडाळला. न जन्मलेल्या गाडीसाठी पोरं हळहळली होती. पण माझ्या मते खरा धडा यामाहाच्या आरएक्स १०० मोटारसायकलचा आहे. १९९६ ला ती बंद झाली. पुढं त्याच घराण्यातल्या गाड्या आल्या, तरी आपल्याकडच्या पोरांनी त्यांना मनापासून वारसदार मानलंच नाही. आज परभणीत, जालन्यात चांगली आरएक्स निघाली तर मालक सांगेल ती किंमत. लोकांना वाटतं, बंद झाली म्हणून भाव आला. तेवढ्यानं येत नाही. बंद झालेल्या कितीतरी मोपेड आणि मोटारसायकली भंगारात गेल्या, त्यांना कुणी विचारत नाही. आरएक्सला भाव आला कारण तिचं इंजिन तालुक्याचा मिस्त्रीही डोळे झाकून उघडतो, आणि पिस्टनपासून टाकीपर्यंत सगळं आजही बाजारात नवं मिळतं. जी दुरुस्त होत राहते तीच जुनी होऊ शकते. बाकीच्या नुसत्या बंद पडतात.

आता ही मोजपट्टी टीटीला लावू.

यांत्रिक बाजूला तुमचं नशीब चांगलं आहे. त्या टीटीतलं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन फोक्सवॅगन घराण्यातलं ईए ८८८. स्कोडाच्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये तेच घराणं, पेट्रोल सुपर्बमध्ये त्याचाच १.८ लिटरचा भाऊ. सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या दोन क्लचचा गिअरबॉक्स डिझेल ऑक्टेव्हियात आपण वर्षानुवर्षं हाताळलाय. चारही चाकांना ताकद देणारी हाल्डेक्सची जोडणी क्यू थ्रीच्या कुळातली. म्हणजे वॉटर पंप, कॉइल, इंजेक्टर, ब्रेक पॅड, लोअर आर्म, क्लचचं तेल-फिल्टर या कशासाठी तुम्हाला टीटी असं नाव घेऊन हिंडावं लागणार नाही. पार्ट नंबर जुळला की झालं. संभाजीनगरात, पुण्यात, हैदराबादेत हे काम येणारे हात आहेत.

घोडं अडतं ते कातडीवर. हेडलॅम्प, टेललॅम्प, पुढची काच, दाराची काच आणि तिचं रबर, बंपर, बोनट, मागं आपोआप वर येणारा तो छोटा स्पॉयलर, डॅशबोर्डवरचा १२.३ इंची डिजिटल मीटर, सीटच्या बाजूचं प्लास्टिक. यांवर फक्त टीटीचंच नाव लिहिलेलं आहे. शेंद्र्यात टीटी कधी जुळली नाही, ती पूर्ण बनूनच परदेशातून यायची. त्यामुळं इथं तिच्या पत्र्याचा साठा कधी तयारच झाला नाही. आज बरेचसे भाग मागवले तर येतात, आठवड्यांनी येतात, पण येतात. काळजी आठ-दहा वर्षांनंतरची. गाडी बंद झाल्यावर कंपनी भाग पुरवते, पण आधी साठा संपतो तो असल्याच न विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा. इंजिन शेवटपर्यंत साथ देतं आणि गाडी एका फुटलेल्या दिव्यासाठी उभी राहते, हे मी डोळ्यानं पाहिलंय. गाडी कुणाची ते सांगत नाही. दोन दारांचीच होती, बीड रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवं आलं. डावा हेडलॅम्प आणि त्यामागचा ब्रॅकेट गेला, बाकी काही नाही. दिवा यायला पाच महिने लागले. तोवर गाडी माझ्या शेडमध्ये कव्हर घालून, आणि मालक दर शनिवारी येऊन कव्हर उचलून बघून जायचा. आजारी माणसाला भेटायला यावं तसा.

पत्र्याचं आणखी एक त्रांगडं आहे, ते जाहिरातीत गुण म्हणून छापलेलं असतं. या पिढीच्या टीटीचा तळ पोलादी आहे, पण वरचा सांगाडा, दारं, बोनट, छत हे सगळं अॅल्युमिनियमचं. हलकी गाडी, झकास पळते. पण लातूरला ज्याच्याकडं तुम्ही स्विफ्ट आणि बोलेरोचं डेंटिंग करता, त्याच्या हातात ही चुकूनही देऊ नका. अॅल्युमिनियमला वेगळी हत्यारं लागतात, वेल्डिंग वेगळं. पोलाद घासलेल्या ग्राइंडरचा कीस त्यावर बसला तर रंगाखालून फुगायला लागतं. आणि गाडी बघायला जाल तेव्हा दलालाची ती लोहचुंबकाची युक्ती इथं निकामी आहे. चुंबक चिकटला नाही म्हणजे खाली पुट्टी, असं आपण मानतो. इथं चुंबक मुळातच चिकटत नाही! रंगाची जाडी मोजणारं यंत्रही स्वस्तातलं असलं तर फक्त लोखंडावर चालतं. दोन्ही धातूंवर चालणारं न्या, किंवा तसं यंत्र असणारा माणूस सोबत न्या.

विम्याचं गणित याच पत्र्याला जोडलेलं आहे, आणि ते कुणी सांगत नाही. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की तिची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कोष्टकावरून ठरत नाही, तुमच्या आणि कंपनीच्या बोलणीवर ठरते. हप्ता वाचावा म्हणून एजंट ती कमी धरतो आणि आपणही मान डोलावतो. मग एका बाजूनं मार लागला, दोन दारं, एक दिवा, एअरबॅग, की दुरुस्तीचं बिल आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर जातं आणि गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. रस्त्यावर परत येऊ शकणारी गाडी कागदावर मरते. टीटी घेतलीतच तर आयडीव्ही भांडून वर घ्या, हप्ता थोडा जास्त भरा. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे भागांच्या जुनेपणाची वजावट न करणारा विमा, बहुतेक कंपन्या देत नाहीत, त्यामुळं प्लास्टिक-रबराचा निम्मा खर्च तसाही तुमच्याच खिशातून जाणार.

आता लातूर. इथं मी ठाम बोलू शकत नाही, कारण बरंच तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा होतो. वरून गावोगावचे स्पीडब्रेकर, कुणी कोणत्या मापानं बांधले ते त्यांनाच माहीत. टीटी बसकी आहे. चार माणसं बसवून, तीही मागं चेपून, खेड्यातल्या ब्रेकरवरून गेलात तर खालून इंजिनाचं तेलाचं चेंबर घासणार. घर ते मिल एवढंच चालवणार आणि महिन्यातून दोनदा हैदराबाद हायवेला जाणार असाल तर चालेल. शेतातल्या गोदामावर घेऊन जायची असेल तर दुसरी गाडी ठेवा. आणि बंद पडली तर साध्या टोचनानं ओढायची नाही, चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच लागतो. तो बीडमार्गे संभाजीनगरला येईपर्यंत दिवस जातो. हा खर्च दर वर्षी एकदा होईल असं धरूनच चला.

‘मी चालवणारच नाही, जपून ठेवेन, भाव आला की विकेन’, असंही मनात असेल. त्यावर माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक छोटी, चपळ हॅचबॅक बंद होणार अशी हवा झाली. मी लाटेत येऊन एकीच्या जागी दोन घेतल्या, एक चालवायला, एक ठेवायला. ठेवलेली गाडी पुतण्याच्या जिनिंगच्या शेडमध्ये पावसाळाभर उभी होती. उंदरांनी डॅशमागची वायरिंग कुरतडली, बॅटरी मेली, टायर एका जागी चपटे झाले. चार वर्षांनी घेतल्यापेक्षा कमी पैशात गेली, आणि वर वायरिंगचा खर्च. चालवलेलीनं मात्र एकदाही दगा दिला नाही. तुमच्या डाळमिलच्या गोदामात उंदरांची काय कथा असेल ती तुम्हीच जाणा. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि २०१६ ची गाडी त्या हिशेबानं बनवलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनोन्‌महिने टाकीत तसंच ठेवलं तर इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाशी खेळ होतो. जपायची असेल तरी दहा-पंधरा दिवसांनी तिला अर्धा तास गरम होईपर्यंत फिरवावीच लागेल.

भाव चढेल का, याचं माझं मत: काही टीटींना चढेल. एकच मालक, सगळी सर्व्हिस लिहिलेली, मूळ रंग, कुठंही न ठोकलेली अशी असेल तर तिला दहा वर्षांनी शौकीन शोधत येईल. बाकीच्या स्वस्तच होत जातील, कारण दर वर्षी कातडीचा खर्च वाढेल. हैदराबादची कोणत्या गटातली ते मालकाच्या बोलण्यावरून कळत नाही. आणि वारसदार येत नाही ही बातमी ताजी असताना घेऊ नका. या लाटेत मागणारे जास्त असतात, सहा महिन्यांनी तेच मालक फोन करून विचारतात, अजून घ्यायची आहे का.

२९ लाखांबद्दल. ही रक्कम मला चढी वाटते, पण त्याहून मोठी चूक म्हणजे २९ हाच खर्च धरणं. टीएस, म्हणजे तेलंगण पासिंगची गाडी लातूरची एमएच-२४ करायची तर एनओसी, पथकर (रोड टॅक्स), आरटीओ. पूर्ण बनून आयात झालेल्या गाडीला महाराष्ट्रात पथकराचा दर देशी पेट्रोल गाडीपेक्षा चढा आहे. वयाप्रमाणं रक्कम उतरते, तरी नेमका आकडा लातूरच्या आरटीओतून आधी काढून घ्या आणि तो मालकाच्या किमतीतून वजा करून बोला. २०३१ ला आरसीची पंधरा वर्षं भरतील, तेव्हा फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण करावं लागेल. त्याशिवाय गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी बाजूला ठेवा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा प्रकार जुन्या महागड्या गाडीइतका दुसरीकडं कुठं खरा ठरत नसेल. ती रक्कम काढून ठेवता येत नसेल तर वडील बरोबर आहेत, विषय संपला.

येत असेल, तर मी तुमच्या जागी काय करीन? आधी ऑक्टेव्हिया आरएस चालवून बघीन. २०२० ची आरएस २४५ भारतात दोनशेच आल्या होत्या, २०२५ ला आलेल्या नव्या शंभर गाड्या हातोहात गेल्या, तेव्हा तीही सहज मिळेल असं नाही. पण तिला चार दारं आहेत, मोठी डिकी आहे, आईला मागं बसवता येतं, आणि इंजिनाचं सुख जवळपास तेच. ती चालवूनही मन टीटीकडंच ओढत असेल तर मग टीटीच घ्या. बाकी कशानं ते भागणार नाही, आणि त्याला मी वेडेपणा म्हणत नाही. मीही याच वेडावर जगतो.

मग घेताना एवढं करा. व्यवहाराच्या आधीच पुढचे दोन हेडलॅम्प आणि पुढच्या काचेची आजची किंमत व मिळायची मुदत लेखी मागवा. पैसे असतील तर एक डावा-उजवा जोड घेऊन घरात ठेवा, तो वाया जात नाही. हाल्डेक्सच्या पंपाची जाळी साफ केल्याची आणि गिअरबॉक्सचं तेल-फिल्टर बदलल्याची नोंद बघा. गिअरबॉक्सचं तेल ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं, म्हणजे तुमच्या गाडीला ते आता दारातच आहे. थर्मोस्टॅटचं प्लास्टिक घर इंजिनाच्या कुशीत असतं, तिथं कूलंटचा गुलाबी-पांढरा डाग आहे का ते टॉर्चनं बघा. इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये होतं, त्यामुळं इनटेकच्या व्हॉल्व्हवर काजळी साचते. कधी साफ केली का, विचारा. शॉकअप चुंबकीय असतील तर गळती नीट बघा, ते महाग आहेत. टायरवरचा चार आकडी क्रमांक वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ५१ हजार चाललेल्या गाडीवर २०१६ चेच टायर असतील तर ते म्हातारे झालेत, तोही खर्च धरा.

आणि मालकाला आदल्या रात्री फोन करून सांगा, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिनवर स्टार्ट ऐकायचं आहे. पोहोचल्या पोहोचल्या बोनटवर हात ठेवा. गरम लागला तर चहा पिऊन परत या.